तिच्यासमोर गाडी शहाणी

८ जानेवारी, गुरुवार
ट्रकला हाताचा चोक बसला एकदाचा. किती रविवार गेले त्यात. आपोआप लागणारा चोक होता तो मेला, त्याचा पार्ट आता कुठे मिळत नाही. मग ह्यांनी चिपळूणहून चोक वायर आणली, डॅशबोर्डखाली भोक पाडून काळं गोल बटण बाहेर काढलं. थंडीत ओढायचं, गाडी तापली की आत ढकलायचं. मला बोलावून दाखवलं. मी छान म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रिटायर झाल्यावर आंब्याच्या कलमांची नर्सरी काढली, त्यासाठी हा जुना पेट्रोलचा ट्रक घेतला. आता कलमांना पाणी मी घालते आणि हे ट्रकला तेल.

ट्रक मूळचा अशोकभाऊंचा. पोफळीला वीजघराच्या स्टोअरमध्ये हे दोघं शेजारी-शेजारी बसायचे. अशोकभाऊ गेले, ट्रक ताडपत्रीखाली पडून राहिला, मग त्यांच्या बायकोने, वैशालीने, तो ह्यांना दिला. पुढे वै. लिहीन. पूर्ण नाव लिहायची मला हौस नाही.

चोकचा मला एक फायदा झाला. बटणाला माझी शाळेत न्यायची, वह्यांची पिशवी झकास अडकते. आधी मांडीवर घेऊन बसावं लागे.

९ जानेवारी, शुक्रवार
अलोऱ्यात थंडी मरणाची. पहिल्या किल्लीत गाडी चालू, हे खूष. नाक्यावर थांबलो आणि नाटक सुरू. रनिंग, म्हणजे इंजिनाची उभ्या-उभ्याची गती, वर जातं, खाली येतं, परत वर. मागून काळा धूर, पेट्रोलचा भपकारा, आणि मग बंद. मागे एसटी उभी. कंडक्टर खाली उतरून बघायला लागला. मी पिशवी उचलली आणि उरलेली वाट चालत शाळा गाठली. मी उतरल्यावर म्हणे गाडी छान चालली घरापर्यंत.

संध्याकाळी विचारलं, "काय झालं होतं हो गाडीला?" परसात पाठमोरे उभे होते. उत्तर नाही. परत विचारलं. नाही. मग मीही तोंड मिटलं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढीही किंमत नसावी बाईच्या प्रश्नाला.

१२ जानेवारी, सोमवार
बॉनेट उघडं. पेट्रोल-हवेच्या मिक्श्चरचा स्क्रू, रनिंगचा स्क्रू, रबरी नळ्या. कुठून हवा घेतेय का म्हणून साबणाचं पाणी लावून पाहिलं. कार्बोरेटरच्या तोंडावरची चोकची झडप पाहिली, ती मिटली की पेट्रोल जास्त जातं म्हणे, पण ती तर पूर्ण उघडी. अंगणात उभी गाडी एकदम शहाण्यासारखी. सकाळी मी बसले होते तेव्हा मात्र परत तोच तमाशा.

मी चहा घेऊन गेले. म्हटलं, आवाज जरा फाटल्यासारखा येतो बघा. ऐकलं न ऐकल्यासारखं करून कप घेतला. आणि थोड्या वेळाने स्वतः चढण चढून वै.कडे गेले. येताना तिला घेऊनच आले. ही गाडी तिने वर्षानुवर्षं ऐकलीय म्हणे, तिच्या कानात बसलीय.

मी काय कापूस घालून बसलेय?

१४ जाने., बुधवार
तिळगूळ द्यायला वै. आली. मला दिला, ह्यांना दिला, मग ट्रकच्या टपावरही दोन दाणे ठेवले. अशोकभाऊंची आठवण काढून म्हणाली, "ह्यांची सवय होती." हे हसले. मला हसू आलं नाही. आज भांडायचं नाही म्हणतात, म्हणून गप्प राहिले.

१८ जाने., रविवार
आज सगळं डोळ्यांनी बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून. चोरून नाही, भाजी चिरत होते.

हे बॉनेटमध्ये वाकलेले. वै. समोर, अगदी समोर. गाडी चालू. ती हात वर करते, हे स्क्रू फिरवतात. ती तळहात खाली करते, हे थांबतात. बोलणं नाही काही. नुसत्या खुणा. आमच्यात अशा खुणा कधीच नव्हत्या. आम्हाला मीठ मागायलासुद्धा वाक्य लागतं.

मग ती काहीतरी बोलली तर हे तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. टक लावून. साठी आली माणसाची.

भाजी जरा खारट झाली. कोणी काही बोललं नाही.

१९ जाने., सोमवार
आज सुट्टी घेतली नाही ते चुकलंच. कलमं घेऊन हे चिपळूणला गेले, आणि सोबत वै. "रस्त्यावर आवाज कसा लागतो ते ऐकायला." जाऊन-येऊन एकदाही बंद पडली नाही, धूर नाही, काही नाही. हे अंगणात शीळ घालत उतरले.

उद्या माझ्यासोबत काय होतं ते बघते.

२० जाने.
जे व्हायचं तेच. नाक्याच्या आधीच धूर. रनिंग एवढं वर गेलं की रस्त्यावरची कुत्री भुंकत मागे लागली. हे मिक्श्चर कमी करत बसले रस्त्यात, स्क्रूड्रायव्हर खिशातच असतो आता. "काल वहिनी होत्या तेव्हा कशी चालली बघ," असं मलाच सांगतात.

म्हणजे गाडीलाही मी नको. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते खोटं नाही. तिखट कसली, मिरचीच.

खरं लिहायचं तर मला तिचा मत्सर वाटतो. लिहिलं. रूपाचा नाही, रूप आमचं दोघींचं सारखंच उताराला लागलंय. ह्यांना काही अडलं की पाय तिच्या घराकडे वळतात, त्याचा. मला ते पाय माझ्याकडे वळायला हवेत. बाकी काही नको.

२३ जाने., शुक्रवार
चिपळूणचे इकबाल मिस्त्री घरी आले. कार्बोरेटर खोलून धुतला, प्लग काढले. काळेकुट्ट. म्हणाले, "दादा, पेट्रोल जास्त जातंय. पण झडप तं उघडी हाय. मग जास्त जातंय कुठून? माजी अक्कल नाय चालत." चहा घेतला, माझ्या घावण्यांची तारीफ केली आणि गेले. निदान त्यांनी तरी केली.

२६ जाने., सोमवार
आज तर जीव गेला असता तर बरं वाटलं असतं.

झेंडावंदनाला हे मला सोडायला मैदानापर्यंत आले. सगळी पोरं ओळीत उभी, पालक, सरपंच, सगळे. गाडीने काळा धूर सोडला आणि बंद पडली. ठीक आहे, पडते. पण हे उतरलेच नाहीत. गिअर टाकतात, ॲक्सिलरेटर दाबतात, खिडकीतून हात काढून पोरांना बाजूला व्हा म्हणतात. गाडी बंद! पोरं खो-खो हसायला लागली. मी ओरडले, "अहो बंद आहे ती!" त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि परत ॲक्सिलरेटर दाबला. शेवटी सरपंचांनी येऊन खिडकीवर हात मारला.

कुठे लक्ष असतं माणसाचं? मला माहीत आहे कुठे असतं.

मुलीचा फोन आला होता पनवेलहून. तीही म्हणाली, "आई, बाबा फोनवर नुसतं हं हं करतात, मी काय बोलते ते त्यांच्या गावीही नसतं." बघ म्हटलं, तुझीही गत माझ्यासारखीच.

२९ जाने., गुरुवार
आता बोलायचंच असं ठरवलंय. वै.शी. सरळ. तुझा ट्रक परत घे आणि ह्यांना सोड, असं तर नाही म्हणता यायचं. पण काहीतरी.

३० जाने., शुक्रवार
गेले होते.

वै. अंगणात सुपारी सोलत होती. "ताई, या, बसा," म्हणून पाट दिला. मी बसले नाही. म्हटलं, "एक विचारायचंय. तू बोललीस की हे लगेच ऐकतात. मी घसा फोडला तरी मान वळत नाही. काय जादू केलीस?"

मला वाटलं होतं चिडेल. किंवा रडेल. तिने हातातली सुपारी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुमाला ठाव नाय?"

"काय?"

"भाऊजींना ऐकू नाय येत. कमी झालाय. समोर उभा राहून बोलला तं ओठांवरून समजता तेंना. म्हनून मी हाताने दाखवतंय. इंजनाचा आवाज तं तेंना कायच कळत नाय आता. माज्या सासऱ्यांचा असाच झालेला, म्हनून मी वळखला. मग तेनी पन सांगितला."

मी पाटावर बसले.

मला का नाही सांगितलं, विचारलं. तर म्हणाली, "भाऊजी बोलले, मंदा दिवसभर पोरांवर आवाज काढून येता, घसा बसलेला असता तिचा. तिला कळला तं घरी पन माज्यासाठी वरडत बसंल. मला वाटला, तुमाला आता तरी तेनी सांगितला असंल."

पाणी दिलं तिने. प्याले. घरी आले.

३१ जाने., शनिवार
रागाने लिहिताही येत नाही धड.

हे बाहेरख्याली निघाले असते तर मी एकदा भांडले असते, माहेरी गेले असते, मोकळी झाले असते. हे काय आहे? माझ्या नवऱ्याचे कान गेले आणि ते वै.ला माहीत. माझ्या घशाची काळजी, आणि तीही वै.ला सांगितलेली. माझ्यावरचं प्रेम मला शेजारणीच्या अंगणात जाऊन ऐकावं लागलं, तेही सुपारी सोलता-सोलता. ह्या दोघांमध्ये जे आहे ते काहीच वाईट नाही, आणि म्हणूनच मला त्याच्याविरुद्ध काही करता येत नाही.

दुपारी हे पेपर वाचत होते. मी मागे उभी राहून रोजच्या आवाजात म्हटलं, "घराला आग लागली." पान उलटलं.

मग पुढे येऊन म्हटलं, "चहा?" हो म्हणाले लगेच.

रडले नाही. चहा ठेवला.

१ फेब्रुवारी, रविवार
आज हे परत वै.कडे निघाले होते. मी दारात उभी होते. म्हटलं, कुठे? "वहिनींना विचारतो रनिंगचं." मी बाजूला झाले. सांगतील, आता सांगतील, म्हणून दिवसभर वाट पाहिली. मी आपण होऊन विचारणार नाही. तिला सांगितलं ना आपण होऊन? मग मलाही सांगा.

३ फेब., मंगळवार
आज चोर सापडला!

पिशवीत मुलांच्या वह्या होत्या, वर पाण्याची स्टीलची बाटली. वजन भरपूर. गाडी खड्ड्यात आदळली आणि चोकचं बटण माझ्या डोळ्यांदेखत बाहेर सरकलं. पिशवीने ओढलं त्याला. लगेच रनिंग वर, मागे धूर. हे रस्त्याकडे बघत होते. मी बोटाने बटण आत दाबलं. गाडी मांजरासारखी. बोट सोडलं, पुढचा खड्डा, परत बाहेर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. इकबाल मिस्त्रींना झडप उघडी दिसणारच, पिशवी काढताना बटण दर वेळी माझ्याच हाताने आत ढकललं जायचं. वै. बसली तेव्हा गाडी शहाणी, कारण ती हात हलवत येते, तिला कुठल्या वह्या तपासायच्यात. म्हणजे गाडीचं आणि माझं वैर नव्हतंच, माझ्या पिशवीचं होतं.

सांगितलं नाही. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि गप्प बसले. कोणीतरी माझ्यापासून लपवतं ना काही? मग मीही.

५ फेब., गुरुवार
पिशवी मांडीवर. काल धूर नाही, आज धूर नाही. हे खुशीत. जेवताना म्हणतात, "वहिनींनी रविवारी सांगितलं तसा स्क्रू फिरवला, बघ कसा फरक पडला. कान आहे त्यांना."

चोर मी पकडला आणि मेडल तिला.

तोंडाशी आलं होतं, पिशवीचं सांगून टाकावं. पण मग मीच गाडी बिघडवत होते हे कळणार. आणि न सांगावं तर वै. जिंकते. दोन्हीकडून मीच खाली.

८ फेब., रविवार
वै. रस्त्यात भेटली. नजर चुकवणार होते, पण तीच थांबली. म्हणाली, "ताई, मी आता गाडीचा ऐकाया यायची नाय. भाऊजींना काय सांगायचा ता तुमीच सांगा."

"मी काही बोलले का तुला?"

"नाय. पन तुमच्या घरातला हाय ना ता." थोडी थांबून म्हणाली, "मला पन तो आवाज ऐकून बरा नाय वाटत, खरा सांगते. गाडी चालू झाली का मन दाराकडे जाता."

इतके दिवस तिच्यावर जळले, आणि ती तिथे उभी राहून दुसऱ्याच कोणाची तरी गाडी ऐकत होती. तरी लिहिते, जळणं संपलेलं नाही. कमी झालं असेल चिमूटभर. तिला ह्यांनी सांगितलं आणि मला नाही, हे तिच्या दुःखाने पुसलं जात नाही.

११ फेब., बुधवार
पिशवीचं सांगितलं. राहवलं नाही. समोर उभी राहून, चेहऱ्याकडे बघून, सावकाश. तरी ओरडले नाही. पिशवी बटणाला अडकवून दाखवली, हाताने हिसका दिला, बटण बाहेर.

आधी बघतच राहिले. मग असे हसले की डोळ्यांत पाणी. "अगो, म्हणजे इतके दिवस मी तुझ्या वह्यांशी भांडत होतो?" मलाही हसू फुटलं. दोघंही ट्रकच्या पायरीवर बसून हसलो. अशी संधी परत येणार नाही असं वाटलं. आता बोलतील. आता तर नक्की.

पुसले डोळे आणि म्हणाले, "म्हणजे धूर कमी करायला मी स्क्रू उगाचच पिळत बसलो. आता सगळं पहिल्यापासून लावायला लागणार." मग उठून गेले.

पिशवीला मात्र त्यांनी दुसऱ्या बाजूला एक खिळा मारून दिला.

१३ फेब., शुक्रवार
पिशवी खिळ्याला. धूर गेला, पण आता सकाळी थांबली की गाडी गपकन बंद. इतकं पेट्रोल कमी करून ठेवलंय स्क्रूने. ह्यांना कळतच नाही बंद पडली ते, माझ्याकडे बघतात. मी बॉनेटकडे बघते. काल नाक्यावर मला हात लावून विचारलं, "चालू आहे ना?" म्हणजे गंमत म्हणून विचारल्यासारखं. मी म्हटलं, बंद आहे. "हो, मलाही तेच वाटलं," म्हणाले.

वै. येत नाही. काल हे चढण चढून गेले होते, तिने काहीतरी कारण सांगून परत पाठवलं. शब्दाला पक्की निघाली.

१५ फेब., रविवार
सकाळीच बॉनेट उघडलं. गाडी चालू केली. एकटेच. स्क्रू थोडा फिरवायचा, इंजिनावर तळहात ठेवून बघायचं, परत फिरवायचं. बंद पडली. परत चालू. परत बंद. मी पायरीवर तांदूळ निवडत होते. एकदा चढणीकडे बघितलं त्यांनी. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"मंदा, जरा इकडे ये."

गेले. कितीतरी दिवसांनी गेले. किल्ली फिरवली, मी समोर उभी राहिले.

"कसं वाटतंय?"

"कमी आहे," मी म्हटलं. त्यांची नजर माझ्या तोंडावर. फिरवलं. "अजून थोडं." फिरवलं. मला जमत होतं! इतकं काही अवघड नव्हतं ते. वै.चा कान म्हणे.

आणि मग काय झालं मला, माहीत नाही. ज्या सहजपणे ते माझ्या ओठांवरून उचलत होते आणि तरी काही सांगत नव्हते, ते बघून सगळं परत वर आलं. धुराचा वास येतो म्हणून घेतल्यासारखा मी पदर तोंडावर घेतला. नाकापासून खाली सगळं झाकलं. आणि त्याच आवाजात म्हटलं, "आता जास्त झालं. मागे घ्या."

स्क्रूड्रायव्हर तसाच. वाट बघत राहिले.

"मागे घ्या," मी परत म्हटलं.

हात हलला नाही. इंजिन जोरात पळत होतं, ते त्यांना कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांत शोधत राहिले. दुष्टपणा होता माझा. कळत होतं, तरी पदर काढला नाही.

"मंदा, पदर काढ."

"का?" पण पदर तोंडावरच होता, त्यांना ऐकू गेलं नसणार. म्हणून खाली घेतला आणि परत विचारलं, "का?"

कान लाल झालेले. मग म्हणाले, "तुझं तोंड दिसायला पाहिजे मला."

एवढंच. मग मी "मागे घ्या" म्हटलं आणि त्यांनी घेतलं.

दुपारी जेवलो. नेहमीसारखं. आता ह्याला सांगितलं म्हणायचं की नाही, ते मला ठरवता येत नाही. वै.ला विचारलं तर तिला बरोबर सांगता येईल. तिला नाही विचारणार. त्यांचं हे तोंडाचं वाक्य तिच्याकडे नाही, ते माझ्याकडेच राहू दे.